लॅपटॉपला मॉनिटर जोडायचाय, २४ घेऊ की २७? काम मुद्रितशोधनाचं, जागा परळची एक खोली

वेलांटी
नमस्कार मंडळी, इथे घरून काम करणारे बरेच आहेत म्हणून विचारतेय. मी मुद्रितशोधन करते आणि गेली चार वर्षं पानं लावायची कामंही घेते, वर्षभर पुस्तकं आणि जुलै उजाडला की दिवाळी अंक. लॅपटॉप चौदा इंची, विंडोजचा, फुल एचडी स्क्रीन, २०२१ ला घेतलेला. त्याला एक एचडीएमआय आहे, एक सी टाइप आणि दोन साधे यूएसबी. आत्तापर्यंत त्यावरच भागवलं पण आता जमत नाही, एकीकडे लेखकांनी पाठवलेल्या हस्तलिखिताचा स्कॅन उघडा, दुसरीकडे टाइप होऊन आलेली फाइल, मध्ये पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन, आणि सारख्या खिडक्या खालीवर करताना आपण कुठल्या ओळीवर होतो तेच हरवतं. गेल्या वर्षी एका कवितेची अख्खी ओळ टायपिंगमध्ये गळली होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली, अंक छापून आल्यावर कवींचा फोन आला, ते खूप समजुतीने बोलले पण मला ते फार लागलं. तेव्हाच ठरवलं की मूळ प्रत आणि पान दोन्ही एका वेळी डोळ्यासमोर असलंच पाहिजे. मान दुखते ते वेगळंच, दिवसभर खाली वाकून बघायचं.

जागेचं सांगते. परळला वन रूम किचन, टेबल खिडकीला लागून, साडेतीन फूट लांब आणि वीस इंच खोल, प्लायवूडवर सनमायका. खिडकी पश्चिमेला, दुपारी तीननंतर थेट ऊन येतं. नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम असतं, त्याच्याकडे ऑफिसचा मॅकबुक एअर आहे एम वन वाला, त्यालाही हाच मॉनिटर लागला तर बरं. बजेट वीस हजार, अगदी ताणलं तर बावीस.

२४ पुरेल की २७ च घ्यावा? ओळखीचे एक जण म्हणाले २७ इंची फुल एचडी घे, अकरा-बारा हजारात मिळतो, मोठा दिसतो, काम झालं. दुसरे म्हणतात दोन २४ घे. आणि सी टाइपला लावायचा की एचडीएमआयला, त्यात काय फरक पडतो हे मला खरंच कळत नाहीये.

खिळाजुळारी
ताई, मी ट्रेडल मशीनच्या काळात खिळे जुळवलेत, मग डीटीपीवर आलो, आता निवृत्त आहे पण नातेवाइकांची पुस्तकं अजून लावून देतो. तुमचं काम वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

२७ इंची फुल एचडी घेऊ नका. मॉनिटर वाईट नसतो, पण तुमच्या कामाला तो चुकीचा आहे आणि कारण सरळ हिशोबाचं आहे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. तेवढेच ठिपके २४ इंचावर पसरले तर एका इंचात ९२ येतात, २७ इंचावर पसरले तर ८२ च. तुमच्या चौदा इंची लॅपटॉपवर तेच इंचाला १५७ आहेत, म्हणजे आज तुम्हाला ज्या सफाईची सवय आहे तिच्या जवळपास निम्म्यावर याल. इंग्रजी ईमेल वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. आपली लिपी वेगळी आहे, आपल्याकडे एका अक्षराच्या उंचीत तीन मजले असतात, शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि ऋकार.

आता बारा पॉइंटचा मजकूर खऱ्या आकारात स्क्रीनवर आणा. ८२ वाल्यावर त्या पूर्ण उंचीला जेमतेम चौदा ठिपके मिळतात, ९२ वर पंधरा, २७ इंची क्यूएचडी म्हणजे २५६० बाय १४४० वाल्यावर इंचाला १०९ असतात तिथे अठरा, आणि २७ इंची फोर के म्हणजे ३८४० बाय २१६० वाल्यावर इंचाला १६३, तिथे सत्तावीस. चौदा ठिपक्यांत तीन मजले बसवायचे तर अनुस्वाराच्या वाट्याला एखादा ठिपका येतो, तोही अर्धवट राखाडी. ष आणि प मध्ये फरक काय, पोटातली एक तिरकी रेघ. घ आणि ध, भ आणि म, इथे शिरोरेघ तुटलीय की जोडलेली एवढंच. द्ध आणि द्व तर विचारूच नका. हे सगळं आपल्याला नजरेने पकडायचं असतं. सारखं झूम करून बघता येतं हो, पण दर ओळीला झूम केलं की वाचनाची लय जाते आणि लय गेली की चुका सुटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझं मत, २७ इंची क्यूएचडी. फोर के झाला तर अक्षर आणखी सुरेख दिसेल, पण पैसे आणि पोर्ट दोन्ही बघावं लागेल, ते इथले तरुण लोक सांगतील.

अजून एक सांगायचं राहिलं, पानाचं. २७ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ६० सेंटीमीटर आणि उंची साडेतेहतीस. ए फोर कागद २९.७ उंच. म्हणजे वरचा मेनू, खालची पट्टी धरूनही अख्खं पान जवळजवळ खऱ्या मापात बसतं. समोरासमोरची दोन पानं ४२ सेंटीमीटर, उरलेल्या जागेत तुमचे पॅनल. २४ इंची स्क्रीनची उंची तीसच्या आतबाहेर, तिथे मेनूपट्टी आली की पान कापलं जातं. डेमी आकाराचं, म्हणजे ए फोरपेक्षा लहान पुस्तक असेल तर २४ वरही दोन पानं आरामात येतात, पण दिवाळी अंकाला नाही.

लोअरपरेल_आयटी
काकांनी स्क्रीनचं इतकं छान सांगितलंय की त्यात भर नाही, मी फक्त वायरीचं बोलतो कारण माझे स्वतःचे पैसे आणि तीन आठवडे त्यात गेलेत.

मी हौसेने फोर के घेतला, लॅपटॉपला एक स्वस्तातला सी टाइप हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी, होता त्याच्या एचडीएमआयला जोडला, चित्र आलं, खूष झालो. पण माउस हलवला की मागे रेंगाळायचा, स्क्रोल केलं की अक्षरं तुटक पुढे जायची, संध्याकाळपर्यंत डोकं जड. मला वाटलं मॉनिटर खराब आहे, दुकानदाराशी वाद घालून झाला. नंतर कळलं की तो हब फोर के ला ३० हर्ट्झच देतो. म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं. डोळ्याला आणि हाताला ६० लागतात, त्याच्या खाली काम करू नये. मॉनिटरची चूक काहीच नव्हती.

तर वेलांटीताई, तुमच्या लॅपटॉपचा एचडीएमआय कुठल्या पिढीचा आहे ते आधी बघा. १.४ असेल तर फोर के ला ३० हर्ट्झवर अडकतो, २.० असेल तर ६० मिळतात. २०२१ च्या मध्यम किमतीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये १.४ च असायचा, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून स्पेसिफिकेशन उघडलंत की लिहिलेलं सापडेल. पण क्यूएचडी असेल तर १.४ सुद्धा ६० हर्ट्झ व्यवस्थित देतो, म्हणजे काका म्हणतात तो मॉनिटर तुम्हाला दोन्ही बाजूंनी सुरक्षित आहे.

सी टाइपचं वेगळं प्रकरण आहे. भोक सारखं दिसतं म्हणून काम सारखं नसतं. काही सी टाइप फक्त पेनड्राइव्ह आणि फाइलींसाठी असतात, काही चार्जिंगही करतात, काहींतून चित्रही जातं. पोर्टच्या बाजूला इंग्रजी डी आणि पी एकात गुंफल्यासारखं चिन्ह असेल किंवा विजेचा बाण असेल तर चित्र जाण्याची शक्यता चांगली, काही कंपन्या चिन्ह छापतच नाहीत म्हणून पुन्हा मॉडेल नंबर टाकूनच बघा, तिथे डिस्प्लेपोर्ट असा शब्द हवा. आणि वायर! मोबाइलच्या चार्जरबरोबर येते ती सी टाइप वायर बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते, तिच्यातून चित्र जातच नाही. माझ्या ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी ती वायर लावून मॉनिटर बंद पडला म्हणून येतं. मॉनिटरच्या खोक्यात आलेली वायर वापरा किंवा व्हिडिओ चालतो असं स्पष्ट लिहिलेली घ्या.

हबमध्ये ३० हर्ट्झ का येतात तेही सांगतो म्हणजे पुढे फसायला होणार नाही. सी टाइपमध्ये वेगाच्या चार वाटा असतात, हबला त्याच वायरीतून वेगवान यूएसबीपण चालवायचं असतं म्हणून तो दोन वाटा तिकडे वळवतो, चित्राला दोन उरतात आणि जुन्या पिढीच्या डिस्प्लेपोर्टवर दोन वाटांत फोर के ६० मावत नाही. नवीन पिढीचं, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.४ वालं, लॅपटॉप आणि हब दोन्हीकडे असेल तर मावतं.

नवरोबांच्या एम वन एअरला दोन सी टाइप आहेत, एचडीएमआय नाही, आणि बाहेरचा मॉनिटर अधिकृतपणे एकच चालतो. तो सी टाइपवर येईल. असा मॉनिटर मिळाला ज्याला सी टाइपही आहे आणि तो ६५ वॉट चार्जिंग देतो तर त्यांचा चार्जर काढावाच लागणार नाही, एम वन एअरचा स्वतःचा चार्जर ३० वॉटचा होता. पण सी टाइपवाले मॉनिटर तीन-चार हजारांनी महाग पडतात. नाहीतर सी टाइप ते एचडीएमआय असा साधा अडॉप्टर घ्या, काम होतं. एक सांगून ठेवतो, मॅकने २०१८ मध्ये मोहावेपासून अक्षरं गुळगुळीत करायची जुनी पद्धत काढून टाकली, त्यामुळे क्यूएचडीवर त्यांना अक्षर किंचित पुसट वाटेल, विंडोजवर तुम्हाला तेवढं नाही वाटणार.

डबल_स्क्रीन
मी वेगळं मत मांडतो. माझ्याकडे दोन २४ इंची आहेत, अकाउंटचं काम करतो, एकावर टॅली आणि एकावर बँक स्टेटमेंट, पाच वर्षं झाली, मजा आहे. दोन फुल एचडी, आयपीएस प्रकारच्या पॅनलचे, मिळून वीस हजारांत बसतात. आणि एक उभा फिरवता येतो, पिव्होट वाला स्टँड घेतलात तर. उभ्या २४ वर ५३ सेंटीमीटर उंची मिळते, हस्तलिखिताचं लांबच लांब पान त्यावर ठेवा आणि बाजूच्यावर काम करा. प्रूफला यापेक्षा काय हवं?

खिळाजुळारी
उभ्या स्क्रीनची कल्पना मला आवडली, गॅलीप्रूफ, म्हणजे पानं पाडण्याआधीचं लांब पट्टीवरचं प्रूफ, वाचल्यासारखं होतं ते. पण दोन गोष्टी. विंडोज अक्षर साफ दाखवण्यासाठी प्रत्येक ठिपक्यातले लाल हिरवे निळे भाग शेजारी शेजारी आहेत असं धरून चालतं, स्क्रीन उभी केली की ते भाग एकावर एक येतात आणि अक्षर थोडं बिघडतं. ९२ ठिपक्यांवर ते जाणवतं, आकड्यांना चालेल, जोडाक्षरांना त्रास. आणि दुसरं माप. ताईंचं टेबल साडेतीन फूट म्हणजे १०७ सेंटीमीटर. दोन २४ शेजारी ठेवले तर नुसत्या काचा १०६, कडा धरल्या की टेबल संपलं. लॅपटॉप कुठे ठेवणार? कागद कुठे ठेवणार? मुद्रितशोधकाच्या टेबलावर कोश ठेवायला हातभर जागा लागतेच.

लोअरपरेल_आयटी
आणि एम वन एअरला त्या दोनातला एकच चालेल, दुसरा काळा राहील. डिस्प्लेलिंक चिपवाले डॉक असतात, त्यातून दोन चालवता येतात पण त्यासाठी सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ऑफिसच्या मशीनवर ते टाकू देतीलच असं नाही. डबल_स्क्रीन, तुमचा सेटअप तुमच्या कामाला उत्तम आहे, पण ताईंकडे दुसरा स्क्रीन आधीच आहे की, लॅपटॉपचा!

डबल_स्क्रीन
टेबलाचं माप मी नीट वाचलं नव्हतं. मान्य.

सुतारपक्षी
टेबलाचा विषय निघालाय तर मी बोलतो, वीस वर्षं फर्निचरचं काम केलंय आणि हल्ली निम्मी कामं घरातल्या वर्क टेबलांची येतात.

वीस इंच खोली म्हणजे ५१ सेंटीमीटर. मॉनिटरबरोबर येतो तो स्टँड सतरा ते वीस सेंटीमीटर खातो आणि स्क्रीन भिंतीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे येते. २७ इंचीला डोळ्यापासून एक हात लांब अंतर हवं, ६० ते ७० सेंटीमीटर धरा. तुमच्या टेबलावर स्टँडने तेवढं अंतर मिळायला खुर्ची मागे घ्यावी लागेल आणि मग हात कीबोर्डपर्यंत ताणले जातील. म्हणून आर्म, म्हणजे मॉनिटर अधांतरी धरणारा सांध्यांचा हात, लावा. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसतो, स्क्रीन मागे भिंतीपर्यंत सरकवता येते, खालची सगळी जागा मोकळी, काम संपलं की बाजूला वळवून टाका आणि टेबलावर जेवायची ताटं मांडा. एक खोलीत त्याची किंमत कळते.

पण घेण्याआधी चार गोष्टी हाताने तपासा. मॉनिटरच्या पाठीला चार भोकं आहेत ना, १०० बाय १०० मिलिमीटर किंवा ७५ बाय ७५, काही स्वस्त मॉडेलला नसतातच. टेबलाच्या मागच्या कडेखाली हात फिरवा, तिथे आडवी पट्टी किंवा ड्रॉवरची चौकट असेल तर क्लॅम्प पकडायला जागा नसते, निम्मे लोक इथेच अडतात. प्लायवूड १८ मिलिमीटरचं असेल तर चालेल, बारा मिलिमीटरचं किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर वरखाली लोखंडी पट्टी किंवा लाकडाचा तुकडा द्या, नाहीतर सनमायका दबतो आणि पावसाळ्यात तिथून ओल शिरून प्लाय फुगतं. आणि आर्मचं कोपर. स्क्रीन भिंतीला चिकटवली की ते कोपर मागे जाऊ शकत नाही, ते बाजूला बाहेर येतं, त्या बाजूला फूटभर मोकळं हवं.

भिंतीत ब्रॅकेट ठोकायचा विचार असेल तर जुन्या चाळीच्या भिंती आधी ठोकून बघा, वरून छान रंग असतो आणि आत पोकळ गिलावा निघतो. जिप्समच्या पार्टिशनवर तर आर्म अजिबात नको, मागे प्लाय असल्याशिवाय.

खिडकीबद्दल. स्क्रीन खिडकीकडे तोंड करून ठेवू नका आणि खिडकीकडे पाठ करूनही ठेवू नका, म्हणजे टेबल खिडकीला लागून आहे ते काटकोनात फिरवता आलं तर बघा, ऊन बाजूने यायला हवं. जमत नसेल तर जाड पडदा लावा. पश्चिमेचं ऊन तीन ते सहा स्क्रीनवर पडलं तर कितीही महाग मॉनिटर घ्या, अक्षर दिसणार नाही.

लोअरपरेल_आयटी
उंचीपण सांगा ना. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली. वेलांटीताई, तुम्हाला दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर अजून खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर उचलावी लागते आणि मान पुन्हा दुखते. माझ्या आईचं असंच झालं होतं, चार बोटं खाली घेतला आणि पंधरा दिवसांत फरक.

वेलांटी
सगळ्यांचे किती आभार मानू. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला आणि वहीत लिहून घेतला.

चष्मा दुहेरीच आहे, त्यामुळे ते आईंचं फार उपयोगी पडलं. टेबलाखाली हात फिरवला तर मागे आडवी पट्टी आहेच, म्हणजे मागून क्लॅम्प बसत नाही, पण डाव्या बाजूच्या कडेला मोकळं आहे. बाजूने क्लॅम्प चालतो का? लॅपटॉपचं मॉडेल टाकून बघितलं, एचडीएमआय १.४ च निघाला. सी टाइपपुढे डिस्प्लेपोर्ट लिहिलंय. शेजारच्यांचा टीव्ही फोर के चा आहे, त्यांच्याकडे लॅपटॉप नेऊन एचडीएमआयने जोडला, विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड केलं, खरंच ३० हर्ट्झ आले आणि माउस अगदी तुम्ही म्हणालात तसा रेंगाळत होता. स्वतः बघितल्यावर नीट समजलं. पण ते हर्ट्झ कुठे दिसतात हे शोधायला मला अर्धा तास लागला, सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, कोणाला लागलं तर म्हणून लिहून ठेवते.

म्हणजे आता २७ इंची क्यूएचडी पक्का. पण शोधायला गेलं की बरेचसे गेमिंगचे दिसतात, १६५ हर्ट्झ, १८० हर्ट्झ, काही वाकलेले. ते चालतात का? आणि रंगाचं काय बघू? मुखपृष्ठं मी करत नाही पण आत फोटो असतात. आणि ऑनलाइन घेऊ की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊ?

खिळाजुळारी
गेमिंगचा असला म्हणून अक्षर बिघडत नाही, तुमच्या एचडीएमआयवर तो मुकाट ६० वर चालेल. वाकलेला मात्र घेऊ नका, पानाची चौकट आणि स्तंभाच्या रेघा सरळ आहेत की नाही हे आपण डोळ्याने बघतो, वाकलेल्या काचेवर तो भरवसा राहत नाही. पॅनल आयपीएस घ्या. व्हीए मध्ये काळा रंग गडद दिसतो, सिनेमाला छान, पण बाजूने बघितलं की रंग उतरतात. रंगाला एसआरजीबी, म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप, ९९ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असलं की आतल्या फोटोंना पुरे. एनटीएससी, तेही रंगांचंच माप, ४५ टक्के असं कुठे दिसलं तर सोडून द्या, त्यावर माणसांचे चेहरे आजारी दिसतात. आणि छपाईचा रंग शेवटी छापखान्याच्या प्रूफवरच ठरवायचा, स्क्रीन उजेडाने दाखवते, कागद शाईने.

मॉनिटर आला की एक काम नक्की करा. पीडीएफ वाचायच्या ॲक्रोबॅटमध्ये प्रेफरन्सेस उघडा, पेज डिस्प्लेमध्ये रिझोल्यूशनची जागा आहे, तिथे सिस्टिमचा आकडा काढून १०९ टाका. मग ॲक्च्युअल साइज केलं की पान खऱ्या मापात येतं. ए फोर कागद काचेला लावून ताडून बघा. छापून आल्यावर अक्षर किती दिसेल हे आधीच कळतं, दहा पॉइंट बारीक होतंय का, ओळींत हवा आहे का, सगळं.

सुतारपक्षी
बाजूच्या कडेला क्लॅम्प बिनधास्त चालतो, फक्त आर्मची लांबी बघा, तिथून टेबलाच्या मध्यापर्यंत पोचला पाहिजे. दोन सांध्यांचा, पन्नास सेंटीमीटरच्या आसपास पोचणारा घ्या. मॉनिटरचं स्टँडशिवाय वजन किती तेही बघा, आर्म तेवढं पेलणारा हवा.

चाळ_ते_टॉवर
लॅमिंग्टन रोडचं मी सांगते, माझं माहेर तिथलंच. आता पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. जायचा फायदा एकच पण मोठा आहे, तुमचा लॅपटॉप आणि तुमची स्वतःची पीडीएफ घेऊन जा आणि तीच लावून दाखवा म्हणा. दुकानात लावलेले रंगीत व्हिडिओ बघून काही कळत नाही, सगळेच छान दिसतात. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, आर्म आणि वायर एकत्र घेतली तर कमी करतात. पक्कं बिल घ्या, तुमचा जीएसटी नंबर असेल तर बिलावर टाकून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. वॉरंटी किती वर्षं आणि माणूस घरी येतो की आपण नेऊन द्यायचा, हे दोन्ही विचारा. आणि दुकानातच खोकं उघडून पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग भरून मेलेला ठिपका नाही ना बघून घ्या, एकदा घरी आणलं की एखाद्या ठिपक्यासाठी बदलून मिळणं कठीण.

परत येताना लोकलचा नाद नको, २७ इंचीचं खोकं सत्तर सेंटीमीटरच्या पुढे जातं. टॅक्सी करा आणि खोकं आडवं झोपवू नका, उभं धरा. खोकं टाकूनही देऊ नका, वॉरंटीत न्यायला लागतं, माळ्यावर जातं.

वेलांटी
दोन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं म्हणून.

शनिवारी नवऱ्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेले. लॅपटॉप नेला, गेल्या वर्षीच्या अंकाची पीडीएफ नेली, त्यातलं तेच कवितेचं पान उघडायला लावलं. पहिल्या दुकानात लावून दाखवायला तयार नव्हते, मग पुढे गेलो. दुसऱ्या दुकानातला मुलगा फार चांगला होता, त्याने २७ चे दोन शेजारी शेजारी लावले, एक फुल एचडी आणि एक क्यूएचडी, तेच पान दोन्हीवर. काका, तुम्ही लिहिलेलं डोळ्यासमोर दिसलं. फुल एचडीवर "पोषण" शब्दातला ष मला पुढे वाकून बघावा लागला, क्यूएचडीवर बसल्या जागेवरून कळला. नवऱ्याला इतके दिवस वाटत होतं मी उगाच जास्त खर्च करतेय, तो तिथे काही न बोलता दोन मिनिटं दोन्हीकडे बघत राहिला आणि म्हणाला हाच घे.

सी टाइपवाला बजेटच्या बाहेर जात होता म्हणून साधा घेतला, आयपीएस, सपाट, ६० च्या वर हर्ट्झ आहेत पण माझ्याकडे साठच चालतात. आर्म आणि मॅकसाठी अडॉप्टर धरून बावीसच्या थोडं वर गेलं. आर्म डाव्या कडेला बसवला, खाली लाकडाचा तुकडा देऊन. टेबल काटकोनात फिरवायला कपाट सरकवावं लागलं, दोन तास गेले, पण आता ऊन उजव्या बाजूने येतं आणि पडदा अर्धा ओढला की पुरतं. रात्री स्क्रीन भिंतीकडे वळवतो आणि त्याच टेबलावर जेवतो.

लॅपटॉपवर हस्तलिखित आणि मोठ्यावर पान असं ठेवलंय. सुरुवातीला खिडकी एका स्क्रीनवरून दुसरीवर नेली की एका जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं धूसर व्हायची, लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती टक्के मोठी दाखवायची ते, १५० आणि मॉनिटरचं १०० आहे त्यामुळे असेल असं वाटलं, ते सॉफ्टवेअर बंद करून मोठ्या स्क्रीनवरच उघडलं की नीट येतं. नवऱ्याला मॅकवर अक्षर किंचित पुसट वाटतं हे खरं, पण तो म्हणतो त्याच्या कामाला चालतंय.

१०९ चा आकडा टाकला आणि ए फोर कागद काचेला लावला. कडेला कड जुळली, केसभराचा फरक असेल. मी कितीतरी वेळ तो कागद तसाच धरून उभी होते. चार वर्षं पानं लावतेय पण पान छापून यायच्या आधी खऱ्या मापात कधी बघितलंच नव्हतं. एका लेखाची तळटीप आठ पॉइंटमध्ये होती, ती वयस्कर वाचकांना त्रासदायक होईल हे तिथेच कळलं आणि नऊ केली.

मानेचं अजून पूर्ण गेलेलं नाही, पण संध्याकाळी लागायची ती कळ आता रोज नसते. स्क्रीन चार बोटं खालीच ठेवलीय.

उद्यापासून यंदाच्या अंकाची पहिली साठ पानं लावायला घेतेय, कवितांचा विभाग सगळ्यात आधी.